हात पोचत नाही तिथली भाषा

उपग्रहावर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा चालवायची म्हटलं की या धंद्यातल्या जुन्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. ती आठी उगाच नसते. सेफ मोडमध्ये, म्हणजे बिघाडामुळे बाकी कामं सोडून फक्त जीव सांभाळण्याच्या अवस्थेत, गेलेला उपग्रह ज्यांनी रात्री जागून परत रुळावर आणलाय, त्यांची नव्या सोयींबद्दलची धास्ती अनुभवातून आलेली असते. तरीही लहान उपग्रहांच्या ऑनबोर्ड सॉफ्टवेअरवर काम करता करता माझं मत हळूहळू दुसऱ्या बाजूला झुकत गेलं आहे. उपग्रहाच्या पोटात एक इंटरप्रिटर, म्हणजे पाठवलेल्या सूचना वाचून तिथल्या तिथे चालवणारा प्रोग्राम, हवाच, आणि माणसाला वाचता येईल अशा भाषेत त्याला जमिनीवरून काम सांगता आलं पाहिजे, असं मी आता ठामपणे म्हणते. तो नेमका कुठे असावा आणि कुठे अजिबात नसावा, यावर मात्र बरंच बोलण्यासारखं आहे.

आधी परिस्थिती सांगते. ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साधारण ७.६ किलोमीटर वेगाने धावतो आणि सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालतो. एखाद्या ग्राउंड स्टेशनवरून तो जातो तेव्हा दहा-बारा मिनिटं दिसला तर पास चांगला म्हणायचा. बरेचसे पास क्षितिजाला चाटून जातात, त्यात सिग्नल पकडण्यातच वेळ जातो. लहान उपग्रहांना वर माहिती पाठवण्याचा वेग पुष्कळदा सेकंदाला ९६०० बिट इतकाच असतो. आता हिशेब करून बघा. संपूर्ण ऑनबोर्ड सॉफ्टवेअरची नवी प्रत १ मेगाबाइटची असेल, तर एकही पॅकेट गहाळ झालं नाही असं धरूनही ती चढवायला सुमारे १४ मिनिटं लागतील. म्हणजे एका पासमध्ये ती मावतच नाही. ती तुकड्यातुकड्याने पाठवायची, प्रत्येक तुकड्याचा चेकसम (वाटेत काही बदललं नाही ना हे पडताळायचा आकडा) तपासायचा, सगळे तुकडे आले की रीबूट करायचं आणि पुढच्या पासला उपग्रह बोलतोय का याची वाट बघत बसायचं. याउलट इंटरप्रिटर आधीच वर असेल, तर त्याला द्यायची ४ किलोबाइटची स्क्रिप्ट साडेतीन सेकंदांत पोचते. रीबूट नाही, काही नाही. त्याच पासमध्ये ती चालवून तिचा निकालही हातात येतो.

भाषेच्या निवडीकडे आपण बहुतेक वेळा प्रोग्रामरच्या सोयीच्या नजरेतून बघतो. पटपट लिहून होतं, चुका कमी होतात, नवी मुलं लवकर शिकतात, वगैरे. ते खरंच आहे. पण जिथे पुन्हा कधीच हात पोचणार नाही अशा यंत्राच्या बाबतीत भाषेचं काम वेगळं आहे. तिथे केबल लावता येत नाही, डीबगर जोडता येत नाही, बोर्ड बदलता येत नाही. जे काही करायचं ते शब्द पाठवूनच. मग ते शब्द किती थोडक्यात किती अर्थ वाहून नेतात, याला फार महत्त्व येतं.

ही कल्पना नवी आहे असं मात्र कुणी समजू नये. अपोलो यानांवरच्या मार्गदर्शक संगणकाकडे बघा. त्याची कायमस्वरूपी मेमरी ३६,८६४ शब्दांची होती, आणि पुसून पुन्हा लिहिता येईल अशी फक्त २,०४८ शब्दांची. हे शब्द १५ बिटांचे. एवढ्याशा जागेत चंद्रावर उतरण्याचं गणित बसवायचं होतं. सदिश, मॅट्रिक्स, दुहेरी अचूकतेचे आकडे, त्रिकोणमिती, सगळंच. त्या यंत्राच्या मूळ सूचनांमध्ये हे लिहायला गेलं असतं तर जागा पुरलीच नसती. म्हणून एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबमधल्या लोकांनी त्या संगणकाच्या आत दुसरा एक काल्पनिक संगणक बसवला. त्याला ते ‘इंटरप्रिटर’च म्हणत. या काल्पनिक यंत्राला दोन सदिशांचा गुणाकार एका सूचनेत सांगता येई. तो मूळ यंत्रापेक्षा पुष्कळ सावकाश चाले, पण कार्यक्रम (प्रोग्राम) आटोपशीर होत. उतरण्याच्या मार्गदर्शनाचं गणित या वरच्या भाषेत लिहिलं गेलं. यान डोलू न देणारा डिजिटल ऑटोपायलट मात्र थेट मूळ सूचनांमध्येच लिहिला, कारण त्याला उशीर चालणार नव्हता.

१९६० च्या दशकातली ही वाटणी मला आजही मार्गदर्शक वाटते. एकाच संगणकात दोन थर होते. एकाला क्षणाचाही उशीर परवडत नव्हता, आणि दुसऱ्याला अर्थ नेमका आणि थोडक्यात मांडायचा होता. माणसाच्या शरीरातही चटका बसला की हात मागे घेण्याचं काम मेंदूला विचारून होत नाही, आणि उद्या कुठे जायचं हे पाठीचा कणा ठरवत नाही. पुढे उपग्रहांवर पन्नासेक वर्षं जे वाद झाले, त्यातले निम्मे ही वाटणी विसरल्यामुळे झाले, असं माझं मत आहे. एक बाजू म्हणते, इंटरप्रिटर भरवशाचा नाही म्हणून कुठेच नको. दुसरी म्हणते, प्रोसेसर आता वेगवान झालेत, सगळंच पायथनमध्ये लिहू. दोघांच्या मनात एकच थर असतो.

आता त्या आठीबद्दल. माझे एक वरिष्ठ सहकारी होते. त्यांच्या हाताखालून कितीतरी उपग्रहांचं सॉफ्टवेअर गेलेलं. मी त्यांच्यापुढे इंटरप्रिटरचा प्रस्ताव ठेवला तेव्हा त्यांनी तो शांतपणे वाचला आणि एवढंच म्हणाले, “हा गार्बेज कलेक्टर नेमका कधी जागा होणार, तेवढं मला लिहून दे. मग तू वाटेल ती भाषा वापर.”

या एका वाक्यात सगळी अडचण आली. वरच्या पातळीच्या भाषा मेमरीची काळजी स्वतः घेतात. प्रोग्रामरने वस्तू तयार कराव्यात, वापराव्यात आणि विसरून जावं. मागे पडलेला कचरा गोळा करायला कलेक्टर अधूनमधून उठतो, आणि तो उठला की बाकी काम थांबतं. डेस्कवरच्या संगणकात हे जाणवतही नाही. फ्लॅटसॅटवर मात्र ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. फ्लॅटसॅट म्हणजे उपग्रहाचे सगळे बोर्ड टेबलावर मोकळे पसरून तारांनी जोडलेली मांडणी. तिथे आम्ही दिशा-नियंत्रणाच्या लूपची सुरुवात झाली की एक पिन वर जाईल अशी सोय केली आणि ती पिन ऑसिलोस्कोपला जोडली. दर १०० मिलिसेकंदांनी एक उभी रेघ यायला हवी. लूप सी भाषेत असताना रेघा आखून दिल्यासारख्या येत होत्या. तोच लूप मायक्रोपायथनमध्ये, म्हणजे लहान यंत्रांसाठीच्या पायथनमध्ये, चालवला, तर बराच वेळ रेघा जागच्या जागी येत, आणि मग मध्येच एक रेघ स्पष्टपणे उजवीकडे सरकलेली दिसे. कलेक्टर जागा झालेला असे.

खोलात गेल्यावर कारण अगदी साधं निघालं. त्या मांडणीत मायक्रोपायथन दशांश आकडा ठेवायला दरवेळी हीपवर, म्हणजे मेमरीच्या मोकळ्या ठेवलेल्या भागात, नवी वस्तू बनवतो. दोन आकड्यांचा गुणाकार केला की तिसरी वस्तू जन्माला येते. दिशा-नियंत्रणाचं गणित म्हणजे क्वाटर्नियन आणि मॅट्रिक्स, नुसते गुणाकार आणि बेरजा. प्रत्येक फेरीत शेकडो क्षणभंगुर वस्तू, आणि हीप भरला की झाडलोट. एखाद्या रेघेने २० मिलिसेकंदांची दांडी मारली तर काय बिघडतं, असं वाटेल. कॅमेऱ्याचं शटर त्या लूपवर अवलंबून असेल तर तेवढ्यात उपग्रहाखालची जमीन सुमारे १४० मीटर सरकलेली असते. आणि नियंत्रणाच्या लूपला उशिरापेक्षाही अनियमितपणा जास्त जाचतो. उशीर ठरावीक असेल तर त्याचा हिशेब गणितात धरता येतो. कधी येईल आणि कधी येणार नाही, अशा उशिराचा धरता येत नाही.

जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले जेरार्ड होल्झमन यांनी २००६ साली सुरक्षिततेच्या दृष्टीने नाजूक सॉफ्टवेअरसाठी दहा नियम मांडले. त्यातला एक असा, की सुरुवातीची मांडामांड झाली की त्यानंतर मेमरी मागायचीच नाही. प्रत्येक लूप किती वेळा फिरू शकेल याला पक्की मर्यादा हवी, आणि फंक्शनने स्वतःलाच बोलावायचं नाही. पायथन, लिस्प, जावास्क्रिप्ट या भाषांचा सगळा डोलारा मेमरीच्या या नियमाच्याच विरुद्ध उभा आहे. म्हणून खालच्या थरात, जिथे उपग्रहाची दिशा वळवणारं रिअ‍ॅक्शन व्हील फिरवायचं आहे, बॅटरीचं व्होल्टेज बघून हीटर तोडायचा आहे, वॉचडॉगला (सॉफ्टवेअर अडकलं तर ते पुन्हा सुरू करणाऱ्या राखणदाराला) ठरल्या वेळी हात लावायचा आहे, तिथे इंटरप्रिटरला जागा नाही. तिथे सी, किंवा माझं ऐकाल तर अ‍ॅडा. त्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर हेच होतं: कलेक्टर केव्हाही जागा होऊ दे, तो जागा झाल्याने काही बिघडणार नाही अशाच ठिकाणी त्याला ठेवायचं.

अ‍ॅडाचं नाव निघालं की कुणीतरी एरियान या युरोपीय रॉकेटची आठवण काढतोच. काढावीच. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ चं पहिलं उड्डाण ४० सेकंदांच्या आत संपलं. दिशा मोजणाऱ्या यंत्रणेत ६४ बिटांचा एक दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना मावला नाही. कोड अ‍ॅडामध्ये होता. अशा सात ठिकाणांपैकी चार ठिकाणी बचावाची सोय केली होती आणि तीन ठिकाणी प्रोसेसरवरचा भार वाचवायला ती जाणूनबुजून केली नव्हती, कारण एरियान ४ च्या उड्डाणमार्गावर ते आकडे तेवढे मोठे होणं शक्यच नव्हतं. एरियान ५ चा मार्ग वेगळा होता. त्यातून तो भाग उड्डाणानंतर एरियान ५ ला लागतही नव्हता. जुन्या रॉकेटची गरज म्हणून तो चालू राहिला होता. राखीव यंत्रणेतही तोच कोड, त्यामुळे ती ७२ मिलिसेकंद आधीच त्याच कारणाने बंद पडलेली.

या प्रकरणात भाषेने आपलं काम चोख केलं होतं, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. आकडा मावत नाही हे तिने ओळखलं आणि तसं सांगितलं. सी असती तर कदाचित निमूटपणे चुकीचा आकडा पुढे ढकलला गेला असता. पण अपवाद उठला की प्रोसेसर बंद करायचा, असं माणसांनी ठरवून ठेवलं होतं, कारण बिघाड म्हणजे हार्डवेअरचाच, हे गृहीत होतं. बंद पडताना त्या यंत्रणेने निदानासाठीचे जे बिट पाठवले, ते मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचले आणि इंजिनांची नळकांडी टोकापर्यंत वळवली. भाषा धोक्याची घंटा वाजवू शकते. घंटा वाजल्यावर काय करायचं, हे आधी बसून ठरवायला माणूसच लागतो, आणि हा विचार करायला बहुतेक प्रकल्पांत पुरेसा वेळ काढला जात नाही. अ‍ॅडाचा आणखी कडक अवतार म्हणजे स्पार्क. त्यात कार्यक्रम चालवण्याआधीच गणिती सिद्धतेने दाखवून देता येतं की असा आकडा फुटण्याचा प्रसंग येणारच नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट टेक्निकल कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी त्यात सॉफ्टवेअर लिहिलेला क्यूबसॅट, म्हणजे ठोकळ्याएवढा उपग्रह, नोव्हेंबर २०१३ मध्ये वर गेला आणि वातावरणात जळेपर्यंत, दोन वर्षं, काम करत राहिला. विद्यार्थ्यांच्या क्यूबसॅटसाठी हे फार मोठं यश आहे, कारण त्यातले कितीतरी पहिला शब्दही न बोलता मुके होतात. २०२५ साली इस्रोने अग्निबाणांसाठीचा विक्रम ३२०१ हा प्रोसेसर पुढे आणला, त्याच्या सूचनासंचातही अ‍ॅडाला आधार देण्याचा विचार केलेला आहे. ही भाषा जुनी झाली म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता वरच्या थराकडे येते, कारण माझा जीव खरा तिथे अडकलेला आहे.

ऑक्टोबर १९९८ मध्ये नासाने डीप स्पेस १ हे यान सोडलं. नवी तंत्रं आजमावणं हाच त्याचा हेतू होता. आयन इंजिन हे त्यातलं गाजलेलं तंत्र, पण माझ्या दृष्टीने मोठा प्रयोग दुसराच होता. ‘रिमोट एजंट’ नावाचं सॉफ्टवेअर मे १९९९ मध्ये काही दिवस त्या यानाचा ताबा घेणार होतं. त्याला आदेशांची यादी द्यायची नाही, उद्दिष्टं द्यायची. योजना तोच आखणार, अंमलात तोच आणणार, काही बिघडलं तर निदानही तोच करणार. आणि हे सगळं लिहिलं होतं लिस्पमध्ये. कचरा गोळा करणारी, चालू असताना स्वतःला बदलू देणारी, जुन्या मंडळींच्या आठीला पुरेपूर पात्र अशी भाषा.

प्रयोग सुरू झाला, पहिल्या दिवशी सगळं ठीक चाललं. मग आयन इंजिन बंद करण्याची वेळ आली आणि ते बंद झालं नाही. रिमोट एजंट जिवंत होता, टेलिमेट्री (यानाच्या स्थितीची माहिती) येत होती, पण योजना पुढे सरकत नव्हती. प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे दोन धागे एकमेकांची वाट बघत अडकून बसले होते. एका नाजूक जागेला कुंपण घालायचं राहून गेलं होतं, आणि दोन घटना अगदी विशिष्ट क्रमाने घडल्या तरच ती जागा उघडी पडत होती. जमिनीवर इतक्या चाचण्या झाल्या, तो क्रम कधी जुळला नव्हता. कोट्यवधी किलोमीटरवर जुळला.

इथे लिस्पची ती बदनाम लवचीकताच कामाला आली. यानावरच्या लिस्पमध्ये ‘वाच, चालव, उत्तर दे’ हे चक्र चालू होतं. म्हणजे जमिनीवरून एक ओळ पाठवायची, ती चालत्या कार्यक्रमाच्या आत जाऊन उत्तर घेऊन येणार. हा धागा कशाची वाट बघतोय? या व्हेरिएबलमध्ये आत्ता काय आहे? त्या चमूतल्या लोकांनी पुढे सांगितलं आहे की दोष शोधायला ही सोय अमोल ठरली. काही तासांत कारण सापडलं. मग त्यांनी काय केलं, याचंही मला कौतुक वाटतं: दुरुस्ती वर पाठवलीच नाही. दुरुस्तीची पुरेशी चाचणी करायला वेळ नव्हता आणि तोच योगायोग पुन्हा जुळण्याची शक्यता फार थोडी होती. म्हणून नवा प्रयोगक्रम आखला आणि २१ मेपर्यंत सगळी उद्दिष्टं पार पाडली. बदल करण्याची ताकद हाताशी असताना तो न करण्याची समज ज्यांच्याकडे आहे, अशांच्या हाती इंटरप्रिटर द्यायला माझी हरकत नाही.

या गोष्टीला एक दुसरी बाजूही आहे आणि ती कमी सांगितली जाते. दोन वर्षं आधी, १९९७ मध्ये, याच सॉफ्टवेअरचा अंमलबजावणी करणारा भाग ‘स्पिन’ नावाच्या पडताळणी साधनाने तपासला होता आणि त्यात समांतर धाग्यांच्या पाच चुका सापडल्या होत्या. अंतराळात उफाळलेली चूक त्यातल्याच एकीच्या जातीची होती, फक्त दुसऱ्या भागात. म्हणजे साधनाला ती जात ओळखता येत होती, पण ते त्या भागावर फिरवलं गेलं नव्हतं. लिस्पला दोष देणाऱ्यांनी हे वाचावं. असा तिढा सी भाषेतही तितक्याच सहज पडतो. १९९७ मध्येच मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं, ते धाग्यांच्या अग्रक्रमाच्या गुंत्यामुळे, आणि तिथला कोड सीमध्ये होता.

चालत्या कार्यक्रमाशी बोलता येणं आणि मेमरीच्या पत्त्यावर थेट लिहिणं यात केवढा फरक आहे, हे व्हायकिंग १ च्या शेवटावरून कळतं. मंगळावर सहा वर्षं काम केलेल्या त्या लँडरला नोव्हेंबर १९८२ मध्ये बॅटरीच्या चार्जिंगसाठी नवी माहिती पाठवली गेली. ती ज्या जागी लिहिली गेली, तिथे अँटेना पृथ्वीकडे कशी वळवायची याची माहिती होती. लँडरने आज्ञा पाळली आणि पृथ्वी कुठे आहे हेच तो विसरला. संपर्क पुन्हा झाला नाही. आजही उपग्रहांच्या जगात ‘अमुक पत्त्यावर अमुक बाइट लिही’ ही आज्ञा असते. युरोपीय मानकात ती ६ क्रमांकाची सेवा आहे. तिची गरज मी नाकारत नाही, शेवटचा उपाय म्हणून ती असावीच. पण रोजच्या कामाला पत्ते वापरणं मला धोक्याचं वाटतं. वरच्या भाषेतली स्क्रिप्ट नावाने बोलते. बॅटरीचं नाव घेऊन अँटेनाच्या जागेवर लिहिता येत नाही, कारण इंटरप्रिटर तिला तिच्या आवाराबाहेर पाऊलच टाकू देत नाही. स्क्रिप्ट चुकली तर ती स्क्रिप्ट मरते. उपग्रह जगतो.

युरोपीय अवकाश संस्थेच्या मोहिमांमध्ये ही पद्धत रुळलेली आहे. ‘ऑनबोर्ड कंट्रोल प्रोसीजर’ म्हणतात तिला. मुख्य सॉफ्टवेअर तपासून सीलबंद करायचं आणि त्याच्या आत छोट्या कार्यपद्धती चालवणारं एक यंत्र ठेवायचं. धूमकेतूकडे गेलेल्या रोझेटा यानावर हे होतं, आणि २०१० मध्ये त्यासाठी स्वतंत्र मानकही निघालं. पुढे याच कामासाठी त्या संस्थेने मायक्रोपायथन अवकाशयानांत वापरल्या जाणाऱ्या लिऑन प्रोसेसरवर आणण्याच्या कामाला पाठबळ दिलं. रोझेटाने धूमकेतूवर उतरवलेल्या फिलेमध्ये तर फोर्थ भाषेसाठीच घडवलेला प्रोसेसर होता. हौशी रेडिओवाल्यांचे उपग्रह याच वाटेने आधीच गेले होते. १९८३ च्या ऑस्कर १० वर कार्ल माइन्झर यांनी बनवलेली आयपीएस ही फोर्थच्या कुळातली भाषा चालत होती, तीही १८०२ या आठ बिटांच्या प्रोसेसरवर. त्यामुळे ‘आमच्या प्रोसेसरला इंटरप्रिटर झेपणार नाही’ हे कारण मला पटत नाही. झेपतो. काय झेपवायचं ते नीट निवडावं लागतं.

जेम्स वेब दुर्बिणीवर निरीक्षणांचा क्रम जावास्क्रिप्टमधल्या स्क्रिप्ट चालवतात, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. मला ती निवड शहाणपणाची वाटते. खालचं सॉफ्टवेअर सी++ मध्ये आहे. आरसे आणि दिशा यांच्याशी स्क्रिप्टचा थेट संबंध नाही. तिचं काम एवढंच, की आता हे निरीक्षण कर, मार्गदर्शक तारा सापडला नाही तर वाट बघत बसू नको, पुढच्याकडे वळ. जुन्या पद्धतीत घड्याळाच्या ठोक्याला आदेश बांधलेले असत, आणि एक चुकला की पुढचा वेळ वाया. इथे घटना घडेल तसा निर्णय होतो. शिवाय ती स्क्रिप्ट खगोलशास्त्राची बाजू सांभाळणाऱ्या माणसालाही वाचता येते, आणि उपग्रहाकडून काय हवंय हे त्यालाच सर्वांत जास्त ठाऊक असतं. ज्या कंपनीने तो इंटरप्रिटर बनवला, ती दुर्बीण उडेपर्यंत स्वतंत्र कंपनी म्हणून उरलीही नव्हती. ही गोष्ट मात्र मनात टोचते. इंटरप्रिटर वर पाठवणार असाल तर त्याची प्रत्येक ओळ तुमच्या ताब्यात आणि समजेत असली पाहिजे.

एक तिसरी वाट आहे, तिचा उल्लेख करते. वरच्या पातळीवर लिहायचं ते जमिनीवरच, आणि त्यातून यंत्राने सी कोड बनवायचा. नासाच्या लॅडी यानाचं सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणात सिम्युलिंक या साधनातल्या आराखड्यांतून असं तयार झालं. हास्केल या भाषेच्या पोटातली कोपायलट ही भाषा देखरेख करणारा कोड अशाच रीतीने बनवते. खालच्या थरासाठी ही वाट उत्तम आहे. पण यान वर गेल्यावर त्याच्याशी संवाद करायला ती उपयोगी पडत नाही, कारण बुद्धी सगळी जमिनीवर राहते आणि वर जातो तो तिचा ठसा.

आणि काळाचा विचारही करायला हवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर १ निरर्थक आकडे पाठवू लागलं. एका संगणकातली एक मेमरी चिप गेली होती आणि त्या मेमरीचा सुमारे ३ टक्के भाग बिघडला होता. तिथला कोड दुसरीकडे हलवायचा, तर तो सलग मावेल एवढी मोकळी जागा कुठेच नव्हती. तुकडे करून ठिकठिकाणी बसवावे लागले, आणि एक तुकडा दुसऱ्याला जिथे जिथे बोलावतो तिथले सगळे पत्ते बदलावे लागले. त्यासाठी काही दशकांपूर्वीची कागदपत्रं उकरून तो असेंब्ली कोड समजून घ्यावा लागला. १८ एप्रिल २०२४ ला पहिला भाग पाठवला. सिग्नल पोचायला साडेबावीस तास, परत यायला तेवढेच. २० एप्रिलला यान पुन्हा समजेल असं बोललं. हे काम करणाऱ्यांपुढे मी हात जोडते. पण ज्यांनी तो कोड लिहिला, त्यांच्या मनात काय होतं हे शोधण्यात त्यांची किती शक्ती गेली असेल, हेही मला दिसतं. आज आपण वर पाठवतो त्या उपग्रहांपैकी काही त्यांच्या लेखकांच्या नोकऱ्यांपेक्षा जास्त टिकणार आहेत. ‘बॅटरी ३० टक्क्यांखाली गेली आणि ग्रहणाला १० मिनिटांहून कमी वेळ असेल तर कॅमेरा बंद कर’ हे अशाच वाक्यात लिहून ठेवलेलं असेल, तर पंधरा वर्षांनी येणाऱ्या मुलीला ते वाचता येईल.

सध्या आमच्या टेबलावरच्या मांडणीत अशी वाटणी आहे: खालचा थर स्थिर मेमरीचा, त्यात एकही वस्तू चालू असताना जन्माला येत नाही. इंटरप्रिटर सगळ्यात खालच्या अग्रक्रमाच्या टास्कमध्ये, त्याच्या हीपला पक्की हद्द, आणि त्याच्यासाठी वेगळा वॉचडॉग. तो अडकला तर फक्त त्यालाच मारून पुन्हा उभं करायचं, बाकी उपग्रहाला कळूही द्यायचं नाही. व्हीलला थेट हात लावायची मुभा स्क्रिप्टला नाही. ती फक्त ‘या दिशेला तोंड कर’ अशी विनंती करू शकते, आणि विनंती फेटाळण्याचा हक्क खालच्या थराकडे आहे. यावर आता कुणाचं दुमत नाही.

वाद अजून एका मुद्द्यावर आहे. वर बाइटकोड (स्क्रिप्टचं जमिनीवरच केलेलं, इंटरप्रिटरला वाचायचं आटोपशीर रूप) पाठवायचा की मूळ मजकूर? बाइटकोड लहान असतो, वर कंपायलर ठेवावा लागत नाही, आणि त्यातल्या एखाद्या बिटाला किरणोत्साराने धक्का दिला तर चेकसमने पकडता येतो. पण चेकसम मजकुरालाही लावता येतो. मी मजकुराच्या बाजूने आहे. उपग्रहाच्या मेमरीचा डंप खाली घेतला तर त्यात माणसाला वाचता येईल अशी ओळ सापडली पाहिजे, त्यासाठी दोन-तीन किलोबाइट जास्त गेले तरी चालतील, असं माझं म्हणणं. सहकाऱ्यांचं म्हणणं, मजकूर जमिनीवरच्या संग्रहात ठेवा, टेलिमेट्रीत त्याचा चेकसम पाठवा, जुळवून बघता येईल, वर कशाला ओझं? त्यांच्या हिशेबात चूक नाही. पण संग्रह हरवतात, संस्था बंद पडतात, सर्व्हर बदलतात, आणि उपग्रह तर फिरतच असतो. पुढच्या आढावा बैठकीत मी पुन्हा हाच मुद्दा मांडणार आहे, या वेळी आकार किती वाढतो याच्या मोजमापासकट.